काश्मीरच्या नदीतला परदेशी मासा

आजचा धागा एका माशाविषयी आहे आणि त्याला फसवण्यासाठी बनवलेल्या एका खोट्या माशीविषयी. मासा म्हणजे ट्राउट. नदी काश्मीरमधली लिद्दर. काळ सप्टेंबरचा, म्हणजे शरद ऋतूच्या आरंभाचा. काश्मिरी लोक या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात.

लिद्दरचे पाणी कोलाहोई हिमनदीतून येते. उन्हाळ्यात बर्फ जोरात वितळते, तेव्हा प्रवाह फुगलेला आणि गढूळ असतो. सप्टेंबर लागला की वितळणे मंदावते, पाणी उतरते, निवळते आणि तळाचे गोटे स्पष्ट दिसू लागतात. मासे हिवाळ्यापूर्वी अंगात भर घालण्याच्या घाईत असतात. गुडघाभर पाण्यात उभे राहून लांब काठी आणि हलकी दोरी हवेत मागेपुढे खेळवणारे लोक नेमके याच दिवसांची वाट पाहतात. महिना संपताच तिथला ट्राउटचा हंगाम बंद होतो.

हे दृश्य इतके शांत आणि इतके ‘नैसर्गिक’ वाटते की पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकावर ते शोभून दिसते. परंतु या चित्रातला मासा इथला नाही, माशी इथली नाही, काठी इथली नाही आणि हंगाम कधी उघडायचा व कधी मिटायचा हे ठरवणारा नियमही इथल्या नदीकडे पाहून जन्मलेला नाही. हे सगळे १९०० च्या आसपास एकत्र आणले गेले. कसे, कोणी आणि कोणाच्या बळावर, ते पाहू.

सुरुवात माशीपासून करू. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावून मासे धरणे आपल्याकडे खेडोपाडी चालते. ‘फ्लाय फिशिंग’ची तऱ्हा निराळी. इथे गळावर पिसे, लोकर आणि रेशीम गुंडाळून किड्याची प्रतिकृती तयार करतात. तिला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती दगडासारखी भिरकावता येत नाही. वजन दोरीला असते. काठीने दोरी हवेत उलगडायची आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकवायची. पाण्याच्या पृष्ठभागावर येणारे किडे टिपणारा मासा असेल तरच या कलेला अर्थ आहे. ट्राउट हा त्या जातीचा मासा.

या कलेचे पहिले तपशीलवार वर्णन इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आगेमागे एलियन या लेखकाने केलेले आढळते. मॅसिडोनियात बेरिया आणि थेसालोनिका यांच्यामधून वाहणाऱ्या एका नदीत ठिपकेदार कातडीचे मासे राहतात, ते एका विशिष्ट माशीवर जगतात, खरी माशी हातात धरली की तिचा रंग उडतो, म्हणून तिथले कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे तो सांगतो. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. लक्षात घ्या, हे पोट भरण्यासाठी मासे धरणारे लोक होते. ‘खेळ’ हा शब्द त्या नदीवर अजून पोहोचला नव्हता.

तो पोहोचला इंग्लंडमध्ये. १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवर एक निबंध छापला. त्यात बारा माश्या कशा बांधाव्यात ते दिले आहे. परंपरेने त्याचे श्रेय जुलियाना बर्नर्स या जोगिणीला दिले जाते, पण अभ्यासकांना त्याची खात्री नाही. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक आले आणि १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने माशीच्या मासेमारीचा भाग जोडला. पुढची दोन शतके मी इथे ओलांडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या प्रदेशातल्या नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्डच्या अनुयायांनी या कलेचे जवळजवळ कर्मकांड करून टाकले. माशी तरंगतीच हवी, ती प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच टाकायची, आणि तीही समोर उठताना दिसलेल्या माशासाठीच. जी. ई. एम. स्क्यूजने १९१० मध्ये पाण्याखाली बुडणाऱ्या माशीची बाजू मांडली, तेव्हा सभ्य लोकांत जो वाद पेटला तो पुढे १९३८ पर्यंत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात धुमसत होता. एखाद्या धर्मसभेत सोवळ्याओवळ्याचा काथ्याकूट व्हावा तसा.

हसू येईल, पण या कर्मकांडाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. मासा किती मिळाला यापेक्षा तो कोणत्या रीतीने मिळाला यावर माणसाचा दर्जा ठरू लागला. जाळे टाकणारा तो ‘कोळी’, माशी टाकणारा तो ‘सद्गृहस्थ’. हा भेद इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानाबरोबर हिंदुस्थानात आला.

हिंदुस्थानात माशांची वाण नव्हती. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये लिहिलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात महसीरचे गुणगान आहे. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांतही महसीर होता आणि आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत तो वरदायिनीचा मासा म्हणून राखला जातो, त्याला कोणी हात लावत नाही. तरीही थंड हवेच्या ठिकाणी बदली झालेल्या इंग्रजाला खळाळता ओढा दिसला की त्याला तिथे काहीतरी उणे वाटे. ते उणे म्हणजे लहानपणीचा ट्राउट.

काश्मीरच्या ओढ्यांत मासे नव्हते काय? भरपूर होते. १८३५ मध्ये बॅरन फॉन ह्युगल हा ऑस्ट्रियन प्रवासी काश्मीरमधून माशांचे नमुने घेऊन गेला आणि व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेलने १८३८ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ‘स्किझोथोरॅक्स’ हे कुलनाम तेव्हाचे. काश्मिरीत माशाला ‘गाड’ म्हणतात आणि या गाडांची स्थानिक नावे कित्येक आहेत. इंग्रजांनी मात्र या माशांना ‘स्नो ट्राउट’, म्हणजे बर्फातला ट्राउट म्हटले. वास्तविक हा मासा ट्राउटच्या कुळातला नाहीच, तो आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. त्याच्या कित्येक जाती दगडावरचे शेवाळ खरवडून खातात, मग हवेतल्या माशीवर झेप घेण्याचे त्यांना कारण काय? मासा खेळाला उपयोगी नाही, पण नाव मात्र खेळातल्या माशाचे. मला या एका नावात पुढची सगळी गोष्ट दिसते. ज्याची उणीव जाणवत होती, त्याचे नाव आधी आले. मासा मागाहून.

आता खरा पेच. थंड पाण्याचा हा जीव विषुववृत्ताच्या उष्णतेतून न्यायचा कसा?

जिवंत मासा नेणे अशक्य, तेव्हा अंडी न्यावी लागणार. ट्राउटची मादी शरदाच्या अखेरीस किंवा हिवाळ्याच्या आरंभी खडीत खळगा करून अंडी घालते. ती किती दिवसांत फुटायची हे पाण्याच्या तापमानावर ठरते. १० अंश सेल्सियसला सुमारे ४० दिवस, ५ अंशांना त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे थंडी वाढवली की काळ लांबतो. अंडे जितके गोठणबिंदूजवळ ठेवाल तितका प्रवासाला अवधी मिळतो. तत्त्व सोपे होते, पण १८५२ आणि त्यानंतरचे प्रयत्न वाटेतच फसले.

यश आले ते १८६४ मध्ये, टास्मानियाच्या बाबतीत. जेम्स यूल या खटपट्या गृहस्थाने लंडनच्या वेनहॅम लेक आइस कंपनीच्या तळघरात आधी प्रयोग केले. भोके पाडलेल्या लाकडी पेट्या, त्यांत ओल्या मॉसचे थर, थरांत अंडी आणि सभोवार बर्फ. अंडी महिनोन् महिने तग धरतात हे सिद्ध झाल्यावर ‘नॉरफोक’ जहाज जानेवारीत निघाले आणि एप्रिलमध्ये मेलबर्नला पोहोचले. जहाजावर एक लाखाहून अधिक अंडी होती ती सामनची. सगळा खर्च आणि उत्साह सामनसाठीच होता. ट्राउटची जेमतेम तीन हजार अंडी फ्रँक बकलंड आणि फ्रान्सिस फ्रान्सिस यांनी जाता जाता पेटीत घातली होती. त्यांतली सुमारे ३०० होबार्टजवळ फुटली. सामन समुद्रात गेला तो परतलाच नाही. ट्राउट राहिला आणि तिथून १८६७ मध्ये न्यूझीलंडलाही गेला.

इथे बर्फाविषयी एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरचे ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून तळ्याचे बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. १८० टन भरले होते, सुमारे १०० टन शिल्लक उरले. लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागले आणि त्यासाठी बर्फघर उभे राहिले. श्रीमंतांच्या सरबतासाठी उभ्या राहिलेल्या या व्यापाराने बर्फ समुद्रापार टिकवण्याची विद्या पक्की केली. साम्राज्याच्या इतिहासात बंदुका आणि तह यांवर पानेच्या पाने खर्च होतात. बर्फाच्या लाद्यांना ओळभर जागा मिळाली तरी पुष्कळ.

टास्मानियाच्या ट्राउटला आणखी एक चमत्कार करावा लागला. इंग्लंडच्या हिवाळ्यात घातलेली अंडी तिथे मे महिन्यात फुटली, म्हणजे तिथल्या शरदात. ऋतू उलटे, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना विणीचा काळ सहा महिने सरकवावा लागला. काश्मीरमध्ये हा प्रश्नच नव्हता. गोलार्ध तोच, हिवाळा तोच, पाणी थंड, तळ खडीचा. स्कॉटलंडचे वेळापत्रक जसेच्या तसे इथे लागू पडणार होते.

हिंदुस्थानातला पहिला प्रयत्न काश्मीरमधला नव्हे, निलगिरीतला. सर्जन आणि मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे याने १८६० च्या दशकात तिथे ट्राउट आणण्याची धडपड केली, ती निष्फळ ठरली. उटीच्या परिसरात ट्राउट नांदायला विसावे शतक उजाडावे लागले.

काश्मीरची वेळ १८९९ मध्ये आली. ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट म्हणून १०,००० अंडी धाडली. ती वाटेतच मेली. दुसरी खेप स्कॉटलंडमधल्या हाउइटाउन येथील मत्स्यसंवर्धन केंद्रातून आली. सर जेम्स मेटलंडने उभारलेल्या या केंद्रात ट्राउटची पैदास जवळजवळ कारखान्याच्या शिस्तीने चाले. १९०० च्या डिसेंबरात ही खेप श्रीनगरला जिवंत पोहोचली.

तिथे तिची वाट पाहत होता फ्रँक मिचेल. हा कोणी वनाधिकारी किंवा शास्त्रज्ञ नव्हे, श्रीनगरातला गालिच्यांचा कारखानदार. गालिचे का, हेही सांगितले पाहिजे. काश्मिरी शालीची मुख्य बाजारपेठ फ्रान्स होती. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर ती कोसळली आणि १८७७-७९ च्या दुष्काळाने उरलेसुरले विणकर मोडून काढले. त्या बेकार हातांना युरोपियन कारखानदारांनी गालिच्याच्या मागावर बसवले. मिचेल त्यांपैकी एक. माशांची पिल्ले वाढवण्याचे काम काही काळ त्याच्या कारखान्याच्या आवारात आणि दाचीगामच्या ओढ्यावर चालले, पुढे हारवनला उबवणी केंद्र झाले. शालीचे पतन आणि ट्राउटचे आगमन हे दोन वेगळे धडे म्हणून आपण वाचतो. श्रीनगरात मात्र ते एकाच आवारात भेटतात.

महाराजा प्रतापसिंहाचे यात काय स्थान? १८८५ मध्ये तो गादीवर आला, त्याच वर्षी श्रीनगरात ब्रिटिश रेसिडेंट बसला. १८८९ मध्ये महाराजाचे अधिकार काढून एका मंडळाकडे दिले गेले, ते काही अंशी परत मिळाले १९०५ मध्ये. ट्राउट आला तो नेमका या मधल्या काळात. १८९७ मध्ये झेलम खोऱ्याचा गाडीरस्ता श्रीनगरापर्यंत झाला होता, त्यामुळे रावळपिंडीपर्यंत रेल्वे आणि पुढे टांगा असा साहेबांचा ओघ दर उन्हाळ्यात वाढत होता. संस्थानात त्यांना जमीन विकत घेता येत नसे, म्हणून ते हाउसबोटींत राहत. जमीन मिळाली नाही, पण नदीवर एक हक्क मात्र मिळाला.

तो हक्क कायद्याने दिला. जम्मू-काश्मीर संस्थानाच्या मत्स्यकायद्यावर ‘१९६०’ असे साल आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे सावध राहावे. ते विक्रम संवत आहे. इसवी सन १९०३. म्हणजे ट्राउट पोहोचल्यावर तीन वर्षांच्या आत कायदा आला. ट्राउटची पाणी राखीव झाली आणि परवाना, काठी व ठरावीक हंगाम ही तिथली शिस्त झाली. याआधी, १८९७ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातही मत्स्यकायदा झाला होता. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला त्याने बंदी केली, आणि ती बंदी योग्यच होती. परंतु सुरुंगाला मनाई करणे वेगळे आणि जाळ्याला गौण ठरवून काठीला मान देणे वेगळे. पहिल्यात मासा वाचतो. दुसऱ्यात मासा कोणाचा हे ठरते.

काश्मीरमध्ये मासे धरणे हे हांजींचे, म्हणजे नावाड्यांचे काम होते. त्यांच्यातल्या मासेमारांना गाड-हांज म्हणत. जाळे आणि भाला ही त्यांची हत्यारे. काठी-परवान्याच्या पाण्यात या हत्यारांचा वापर करणारा आपोआप चोर ठरतो.

याचा अर्थ पूर्वी नदी सर्वांना मोकळी होती असा मुळीच नाही. मट्टणच्या सूर्यतीर्थाच्या कुंडातले मासे श्रद्धेने राखलेले होते. गुलाबसिंहाचा आत्मा माशाच्या देहात गेला असे ज्योतिष्यांनी सांगितल्यामुळे श्रीनगरात झेलमच्या एका पट्ट्यात मासेमारी बंद झाली होती, अशी कथा प्रवासवर्णनांत येते. मनाई जुनीच होती. बदलले ते तिचे कारण. पूर्वी मासा देवाचा किंवा राजाचा म्हणून अस्पर्श होता, आता तो परवानाधारकाचा म्हणून. दाचीगाम या नावाचा अर्थच ‘दहा गावे’. श्रीनगरचे पिण्याचे पाणी शुद्ध राहावे आणि शिकारीचे रान राखावे म्हणून तिथून उठवलेल्या दहा गावांची ती आठवण, असे सांगतात. ज्या ओढ्यात ट्राउटची पहिली पिल्ले वाढली त्याच्या काठची ही गावे.

काश्मीर हे पुढे ट्राउटचे माहेर बनले. १९०९ मध्ये कुलूतील अधिकारी जी. सी. एल. हॉवेल याने काश्मीरमधून बीज नेऊन बियासच्या खोऱ्यात ट्राउट रुजवला. आज हिमाचलमध्ये तीर्थन नदीवर जे लोक माशी टाकतात, त्यांच्या गळाला लागणारा ब्राउन ट्राउट त्याच साखळीतला आहे.

मग हा मासा वाईट काय? जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या आययूसीएनच्या यादीत ब्राउन ट्राउट आहे. तो शिकारी आहे, आणि काश्मीरच्या वरच्या ओढ्यांत स्थानिक गाडांची पिछेहाट झाली त्याच्या कारणांत त्याचे नाव घेतले जाते. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला पटत नाही. दल आणि वुलर सरोवरांत नंतर सोडलेला कॉमन कार्प, सांडपाणी, नदीतून उपसली जाणारी वाळू आणि खडी यांचा वाटा लहान नाही. शिवाय खडी गेली की ट्राउटचीही वीण बसते.

दुसरीकडे हेही खरे की आज हा मासा काश्मिरी झाला आहे. कोकरनागला त्याचे मोठे सरकारी केंद्र आहे, खासगी टाक्यांतून तो वाढवला जातो आणि लग्नाच्या जेवणापासून हॉटेलपर्यंत विकला जातो. (टाक्यांत बहुतेक करून नंतर आलेला इंद्रधनुषी ट्राउट असतो, तो मूळचा उत्तर अमेरिकेचा.) ज्यांच्या पणजोबांना त्या पाण्यात जाळे टाकण्याची मनाई होती, त्यांच्यापैकी कित्येकांची चूल आज ट्राउटवर पेटते. बटाटा, टोमॅटो, मिरची परदेशी म्हणून आपण ताटातून काढत नाही. काश्मिरी मिरचीही अखेर अमेरिकेचीच लेक. तेव्हा मूळ परके म्हणजे वस्तू परकी, हा हिशेब इतिहासात टिकत नाही. पाहायचे ते इतकेच की आलेल्या पाहुण्यासाठी घरातल्या कोणाला बाजूला सरकावे लागले.

नदीच्या बाबतीत याचे उत्तर कॅलेंडरात सापडते. ट्राउटचा हंगाम एप्रिलमध्ये उघडतो आणि सप्टेंबरअखेर मिटतो, कारण पुढे त्याच्या विणीचा काळ येतो. नोव्हेंबरमध्ये लिद्दरच्या उथळ खडीत मादी खळगा करते तेव्हा काठावर परवानाधारक कोणी नसतो. स्थानिक गाडांच्या बहुतेक जातींची वीण मात्र वसंतापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत असते. म्हणजे ट्राउटसाठी नदी उघडते, नेमकी त्याच दिवसांत.